कारण विचारायचं नाही

रविवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, दगडाच्या जुन्या खाणीत साठलेल्या तळ्यात, बारा मीटर खोलीवर एका शिकाऊ बाईने उजव्या हाताचा अंगठा वर केला. तिच्याबरोबर पाण्याखाली आणखी चौघे होते. पाचही जण वर आले. कुणालाही इजा झाली नव्हती. कुणाची हवा संपली नव्हती, कुणाच्या मास्कमध्ये पाणी शिरलं नव्हतं, कुणाचा कान दुखावला नव्हता.

घटना एवढीच. तिच्यावर डाइव्हिंग क्लबच्या कार्यकारिणीची दोनदा बैठक झाली, आणि दोन्ही वेळा त्या बाईला बोलावून एकच प्रश्न विचारण्यात आला. तो प्रश्न विचारायचा नाही, असा क्लबचा स्वतःचाच नियम आहे.

अंगठा वर करण्याचा पाण्याखाली एकच अर्थ होतो: वर चला. "छान" किंवा "ठीक आहे" सांगायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात. वरचा अंगठा हा हुकूम असतो, आणि तो कुणीही, केव्हाही देऊ शकतो. पहिल्यांदा पाण्यात उतरलेला माणूससुद्धा हजारदा उतरलेल्याला देऊ शकतो. तो दिसला की बाकीचेही अंगठा वर करतात आणि सगळे मिळून सावकाश वर येतात. वर आल्यावर "का?" असं कुणी विचारायचं नाही. हा नियम पंपघराच्या भिंतीवर रंगवलेला आहे, दाराच्या अगदी समोर. बैठकीला आलेल्या प्रत्येक सभासदाला आत शिरताना तो वाचावाच लागला.

त्या रविवारी पाण्याबाहेर समारंभ होता. खाणीतला दगड काढणं कधीच थांबलं. पंप बंद झाले तसं झऱ्याचं पाणी चढत गेलं आणि कडे बुडाले. खाणमालकाने ते तळं क्लबला वापरायला दिलं, जुनं पंपघर कचेरीसाठी दिलं. त्याचे वडील याच खाणीत आधी घाव घालायला लागले, मग मुकादम झाले आणि शेवटी मालक. ज्या कड्यावर ते दुपारी डबा उघडून बसत, तो कडा आता बारा मीटर पाण्याखाली आहे. तिथे त्यांच्या नावाची पोलादी पाटी बसवायची, अशी मुलाची इच्छा होती. तो स्वतः पूर्वी डाइव्हिंग शिकलेला होता. पाटी आपल्या हाताने बसवायची, त्याचं चित्रण केबलने वर पडद्यावर दिसावं आणि ऐंशी वर्षांच्या आईने ते काठावर खुर्चीत बसून पाहावं, असा बेत होता. बेतात वावगं काही नव्हतं.

वावगं पुढे झालं. चित्रण करणाऱ्याला पाटीच्या मागे "चार-दोन माणसं" हवी होती, चौकट रिकामी वाटत होती म्हणून. क्लबचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यांच्याकडे त्या दिवशी दोन शिकाऊ होते. दोघांचंही चौथं डाइव्ह बाकी होतं. ते झालं की शिक्षण पुरं होतं आणि कार्ड मिळतं, मग जगात कुठेही जोडीदाराबरोबर पाण्यात उतरता येतं. मास्तरांनी एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. शिकाऊंची परीक्षा आणि पाहुण्याचा समारंभ एकाच डाइव्हमध्ये. शिकाऊंना हे पंपघराच्या पायरीवर, रबरी सूट अर्धे चढवलेले असताना सांगण्यात आलं.

त्यातला एक शिकाऊ बेकरी चालवतो. दुसरी शिकाऊ ती बाई. वीज कंपनीच्या तक्रार कक्षात ती टेलिफोन ऑपरेटर आहे, म्हणून क्लबमध्ये तिचं नाव ऑपरेटरबाई. वय बावन्न.

काठावर मांडव, खुर्च्या, पडदा आणि ध्वनिक्षेपक होता. ध्वनिक्षेपक क्लबच्या अध्यक्षांच्या हातात होता. अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर. ते शेवटचं पाण्यात कधी उतरले ते क्लबमध्ये कुणाला आठवत नाही, पण काठावरून धावतं वर्णन ते उत्तम करतात.

"आता आपली मंडळी कड्याजवळ पोचली आहेत," ते सांगत होते. "आणि हे पाहा, आपल्या शिकाऊ भगिनी अंगठा दाखवून सांगताहेत, सगळं छान चाललंय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीनेही वाजवल्या. मग पडद्यावर कड्यावरच राहिलेली पाटी लांब लांब जाऊ लागली आणि टाळ्या थांबल्या.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं, शरीरात विरघळलेला वायू निघून जावा म्हणून. पाचही जण दोरीला धरून तिथे थांबले होते. खाणमालकाने ऑपरेटरबाईकडे वळून दोन्ही तळवे उघडले. डाइव्हिंगमध्ये हवा किती आहे याची खूण आहे, थंडी वाजते याची आहे, कान दुखतो याचीही आहे. "का?" याची खूण नाही. बाईने ते तळवे पाहिले आणि घड्याळाकडे नजर वळवली.

पाण्याबाहेर डोकं निघताच खाणमालकाने तोंडातली नळी काढली. "काय झालं? का वर आलो आपण?"

"काठावर बोलू," मास्तर म्हणाले.

काठावर अध्यक्ष ध्वनिक्षेपक हातात घेऊनच धावत आले. "बाई, काय झालं?"

"मी अंगठा केला."

"तो सगळ्या गावाने पाहिला हो! पण का केलात?"

तिने मास्तरांकडे पाहिलं. उत्तर द्यायचं ते त्यांनी. मास्तर खाली वाकून कमरेचा शिशाचा पट्टा सोडत होते. पट्ट्याची कडी एका झटक्यात सुटावी अशीच बनवलेली असते. मास्तरांना ती बराच वेळ सुटली नाही.

* * *

ऑपरेटरबाई पाण्याकडे वळली ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून. रक्तदाब वाढला होता, झोप उडाली होती, डावा खांदा धरला होता. आठ तास कानाला यंत्र लावून ती एकाच प्रश्नाला उत्तर देते. लाइट का गेली? अजून का आली नाही? आमच्याच गल्लीतली का गेली? बहुतेक वेळा तिलाही कारण माहीत नसतं, पण "माहीत नाही" म्हणायची परवानगी नाही, म्हणून ती "काम चालू आहे" म्हणते. घरी आल्यावर नवरा विचारतो, उशीर का झाला. लेक विचारते, फोन का उचलला नाहीस.

नगरपालिकेच्या तलावात ती आधी पोहायला शिकली. तिथे गुरुवारी संध्याकाळी खोल टोकाला काही माणसं तळाशी मांडी घालून बसलेली दिसत. नुसते बुडबुडे वर येत. एकदा तिने काठावरच्या मास्तरांना विचारलं, "हे काय करताहेत?"

"काही नाही. श्वास घेताहेत."

"मला जमेल?"

"पोहता येतं? कान फुटलेला नाही? मग डॉक्टरांकडून छाती-कान तपासून या आणि उतरून बघा. नाही आवडलं तर वर या."

ती तपासून आली. दोनशे मीटर न थांबता पोहून दाखवलं, दहा मिनिटं नुसतं तरंगून दाखवलं. मग तलावातल्या संध्याकाळी सुरू झाल्या. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून ते बाहेर काढायचं. तोंडातली नळी सोडून द्यायची, हात मागे फिरवून ती पुन्हा शोधायची आणि हे करताना तोंडातून बारीक बुडबुडे सोडत राहायचे. खाली जाताना कान दुखायची वाट न बघता, थोडंथोडं उतरलं की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. फुंकूनही कान उघडला नाही तर जोर लावायचा नाही, थोडं वर यायचं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, श्वास कधीच रोखायचा नाही. घाई केली की हवा लवकर संपते. पाण्याखाली जो शांत, त्याची हवा जास्त पुरते.

"हे मला वीस वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं," ती बेकरीवाल्याला म्हणाली.

"मला तर लग्नाआधी," बेकरीवाला म्हणाला.

दोघांची जोडी मास्तरांनीच लावली होती. उतरण्याआधी जोडीदाराने जोडीदाराचं सगळं तपासायचं: जॅकेट, पट्टा, कड्या, टाकीतली हवा. बेकरीवाला तिच्या कड्या भट्टीचं दार तपासावं तशा हलवून बघायचा. ती त्याच्या टाकीवरचा काटा वाचून मोठ्याने म्हणायची, "तक्रार नोंदवली आहे, काम चालू आहे."

नवऱ्याने सुरुवातीला चेष्टा केली. "लोक बुडू नये म्हणून पोहायला शिकतात. आमच्याकडे बुडायला शिकवणी लावलीये." पण बाई रात्री झोपू लागली. खांदा सुटला. तक्रार कक्षात कुणी आईबापांचा उद्धार करून बोललं तरी तिचा आवाज चढेना; ती आधी एक लांब श्वास सोडायची आणि मग बोलायची. तपासणीला गेली तेव्हा डॉक्टर आकडा दोनदा बघून म्हणाले, जे काय करताय ते चालू ठेवा. पाण्याखाली फोन पोचत नाही, हाक पोचत नाही. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. आत आणि बाहेर. आपला श्वास इतका नीट ऐकायला मिळायला बावन्न वर्षं लागली, असं ती लेकीला म्हणाली.

पण तिला सगळ्यांत जास्त जे मिळालं, ते पहिल्याच तासाला मिळालं होतं, आणि तेही कोरड्या वर्गात. मास्तरांनी फळ्यासमोर उभं राहून अंगठा वर केला होता आणि एका माणसाची गोष्ट सांगितली होती. फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका पाण्यात, मास्तर स्वतः सहायक असताना, त्यांच्या गटात एक कारकून होता. तो सारखा मागे वळून वर बघत होता. त्याला वर यायचं होतं हे आज कळतं, तेव्हा कळलं नाही. त्याने खूण केली नाही.

"का नाही केली?" वर्गात कुणीतरी विचारलं होतं.

"कारण त्याच्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं," मास्तर म्हणाले होते. "नुसतं मन घेत नव्हतं. वर जाऊन लोकांना काय सांगू, या लाजेने तो खाली राहिला. मग घाबरला, आणि घाबरल्यावर उशीर झाला. आम्ही त्याला वर आणलं, पण जिवंत नाही. म्हणून लक्षात ठेवा, माझ्या पाण्यात कुणाला कारण लागत नाही. अंगठा म्हणजे अंगठा. मीसुद्धा विचारणार नाही."

त्या संध्याकाळी घरी जाऊन ती नवऱ्याला म्हणाली होती, "जगात एक जागा सापडली. तिथे मी 'पुरे' म्हटलं की पुरे."

* * *

पहिली बैठक बुधवारी पंपघरात झाली. दोरीवर सूट वाळत होते, त्यांतून थेंब गळत होते. कार्यकारिणी पाच जणांची. त्यांतले तिघे आता पाण्यात उतरत नाहीत. उंटावरून शेळ्या हाकायला तिघे पुरतात. मास्तर कोपऱ्यात रिकाम्या टाक्यांजवळ बसले. बेकरीवाल्याला बोलावलं नव्हतं, तरी तो आला.

अध्यक्षांनी सुरुवात गोडीने केली. "बाई, आम्ही काही तुम्हाला दोष देत नाही. खाणमालकांचं म्हणणं एवढंच आहे की, त्यांना कळू द्या. त्यांच्या आईसमोर सगळं मोडलं. कारण कळलं की त्यांचं समाधान होईल."

"त्यांना वाईट वाटलं असेल," ती म्हणाली. "मलाही वाईट वाटलं. तसं मी काठावरच त्यांच्या आईंना सांगितलं."

"मग आता कारण सांगा."

"नाही."

"म्हणा की कान दुखला. एका ओळीत विषय संपतो."

"कान दुखला नव्हता."

"मग काय दुखलं?" खजिनदार म्हणाले.

"तुमचा नियम काय म्हणतो?" तिने दारासमोरच्या भिंतीकडे बोट केलं. पाण्यात न उतरणाऱ्या तिघांनी त्या दिशेला पाहिलं नाही.

"नियम नेहमीच्या दिवसांसाठी असतो हो," अध्यक्ष म्हणाले. "हे बघा, माझ्याकडे माणूस येतो, मी विचारतोच ना, कुठला दात?"

"डॉक्टर, दात दुखणारा आपल्या पायाने तुमच्याकडे येतो. मी आले नाही. तुम्ही बोलावलंत."

बेकरीवाला फिस्सकन हसला. अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुम्ही कोण? तुम्हाला बोलावलं होतं?"

"मी यांचा जोडीदार. आणि ऐकाच आता, माझाही हात वर चालला होता. बाईंचा आधी गेला एवढंच."

"तुमचा का चालला होता?"

"घ्या!" बेकरीवाला म्हणाला. "आता माझी चौकशी लावा."

खरोखर त्याचा हात वर चालला होता की तो जोडीदाराची बाजू घेत होता, हे त्याने नंतरही कुणाला सांगितलेलं नाही.

खजिनदार समजावणीच्या सुरात म्हणाले, "तळ्याचा करार या वर्षी संपतोय. मालकांनी मनात आणलं तर क्लबच्या तोंडाला पानं पुसली जातील. सत्तर सभासद आहेत. तुमच्या एका हट्टापायी..."

"माझा हट्ट?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्ही आम्हाला पाटीमागची शोभा म्हणून उभं केलंत. परीक्षेच्या दिवशी. पायरीवर सांगितलंत, विचारलंसुद्धा नाहीत. त्याची चौकशी कुठे आहे? पडद्यावर 'वर चला' दिसलं आणि डाइव्हिंग क्लबचे अध्यक्ष लोकांना सांगतात, सगळं छान आहे. खाली कुणाचा जीव जात असता तर वर टाळ्या वाजत होत्या! त्याची चौकशी कुठे आहे? त्याचं कारण कोण देणार?"

बाहेर कॉम्प्रेसर सुरू झाला, टाक्यांत हवा भरली जात होती.

ती कोपऱ्याकडे वळली. "मास्तर, तुम्ही सांगा यांना. पहिल्या तासाला आम्हाला सांगितलंत ते. त्या कारकुनाचं."

मास्तरांनी टाकीवरच्या झडपेचा खटका फिरवला, पुन्हा जागेवर आणला.

"ताई, ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

"तो गेला. इथे सगळे सुखरूप आहेत."

"सुखरूप आहोत, कारण मी वर यायला सांगितलं आणि तुम्ही आलात. तो गेला, कारण त्याला वाटलं वर असेच लोक बसलेत." तिने कार्यकारिणीकडे हात केला. "त्याला बरोबरच वाटलं होतं म्हणायचं."

मास्तरांचा चेहरा उतरला. टाक्यांकडेच बघत ते म्हणाले, "ताई, तळं गेलं तर मी शिकवू कुठे?"

हे त्या संध्याकाळचं एकमेव प्रामाणिक वाक्य असावं. पण बैठक ठरवून उठली ती वेगळंच. मोडलेलं डाइव्ह मोजलं जाणार नाही, याला ऑपरेटरबाईची हरकत नव्हती; तसाच नियम आहे, ते पुन्हा करायचं असतं. पण कारण कळेपर्यंत तिला पुन्हा पाण्यात नेऊ नये, असं मास्तरांना सांगण्यात आलं. मास्तरांनी मान डोलावली. तीन डाइव्ह झालेल्या माणसाला चौथं नाकारलं की त्याच्याकडे काहीच उरत नाही. कार्ड नाही, म्हणजे कुठल्याही पाण्यावर त्याला टाकी भरून मिळत नाही. जिथे "पुरे" म्हटलं की पुरे, ती जागा तिच्यासाठी बंद झाली, आणि "पुरे" म्हटल्याबद्दलच.

* * *

घरी नवऱ्याने वाट पाहिली. दोन दिवस काही बोलला नाही, तिसऱ्या दिवशी भांडी पुसता पुसता म्हणाला, "मला तरी सांग. मी कुठे कार्यकारिणीत आहे?"

"तुला सांगितलं तर तू माझ्या बाजूने भांडशील. म्हणशील, बघा, कारण किती खरं होतं."

"मग? वाईट काय त्यात?"

"मग कारणावरच येऊन थांबलं ना सगळं."

"नवऱ्यालासुद्धा नाही म्हणजे कमाल झाली," तो म्हणाला आणि दोन ताटं जरा जोरात आपटली. पण नंतर शेजारच्या काकू "हिचं काय झालं हो?" म्हणून आल्या, तेव्हा त्याने दारातच सांगितलं, "काकू, आम्ही विचारून थकलो. तुम्ही नव्याने सुरू करू नका."

लेकीने आईच्या बाजूने क्लबला खरमरीत निरोप पाठवायचं ठरवलं होतं. आईने तिला थांबवलं.

पुढच्या रविवारी बेकरीवाल्याचं चौथं डाइव्ह झालं. मास्तरच त्याचे जोडीदार झाले. त्याला कार्ड मिळालं. संध्याकाळी तो पावाची पिशवी घेऊन तिच्या दारात उभा राहिला, पिशवी या हातातून त्या हातात करत.

"ताई, राग नका धरू. मी नाही म्हणणार होतो. पण म्हटलं, एकदा राहिलं की राहिलंच."

"राग कसला? अभिनंदन."

"खरं सांगू? मजा नाही आली. कड्या मास्तरांनी तपासल्या. बोललेच नाहीत काही."

"हवा किती उरली होती?"

"निम्मी."

"वा! मला कधी निम्मी उरली नाही," ती म्हणाली. दार लावल्यावर मात्र बराच वेळ पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली.

दुसरी बैठक पहिलीसारखीच झाली, फक्त आवाज वाढले. या वेळी अध्यक्षांनी नियमाला एक पुरवणी मांडली: वर आल्यानंतर कारण द्यावं लागेल, मात्र ते फक्त प्रशिक्षकाला आणि खासगीत. ऑपरेटरबाई म्हणाली, मग भिंतीवरचं पुसून टाका आणि तिथे तक्रार कक्षाचा नंबर लिहा. पुरवणीवर मतदान झालं नाही. सर्वसाधारण सभेत बघू, असं ठरलं.

त्यानंतर मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, खाणमालक वीज कंपनीच्या कचेरीत आला. एकटाच. तक्रार कक्षाबाहेरच्या बाकावर, पाण्याच्या यंत्राशेजारी तो बसला. ती डबा घेऊन बाहेर आली तेव्हा उठून उभा राहिला.

"मी भांडायला आलेलो नाही," तो म्हणाला.

"बसा."

"आई रोज विचारते, बसली का पाटी. तिला वाटतं, वडिलांनाच ते नको होतं, म्हणून मोडलं. तिच्या डोक्यातून ते जात नाही. तुम्ही मला कारण सांगा. मी क्लबला सांगणार नाही, कुणालाच सांगणार नाही. फक्त आईला सांगेन की, असं असं झालं होतं, त्यात वडिलांचा काही संबंध नाही."

क्लबमधल्या कुणीही तिला इतक्या सरळपणे विचारलं नव्हतं. तिने डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"तुमच्या वडिलांचा काही संबंध नाही," ती म्हणाली. "हे मी सांगते. आईंना माझ्या नावाने सांगा. हवं तर मी येऊन सांगते."

"आणि कारण?"

"तुम्ही तेव्हा माझ्यामागून वर का आलात? पाटी तुमच्या हातात होती. दोन खिळ्यांचं काम उरलं होतं."

"तुम्ही अंगठा केलात म्हणून. वर यावंच लागतं."

"तुम्हाला माझं कारण माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"तरी आलात. आज मी कारण सांगितलं आणि ते तुम्हाला पटलं, तर उद्या जो खाली असेल तो आधी मनात मोजेल, आपलं कारण त्या बाईइतकं चांगलं आहे का? नसलं तर तो राहील खालीच. मला तुमच्यापासून काही लपवायचं नाही हो. तुम्ही विचारताय तेही नीट विचारताय. पण मला हे देता येत नाही."

"मग आईला काय सांगू?"

"सांगा, एका बाईला वर यायचं होतं. तुम्ही हातातलं काम टाकलंत आणि तिला सोबत केलीत."

त्याला हे पटलं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. "मला वाटलं होतं तुम्ही सांगाल," एवढं म्हणून तो उठला. आतून कुणीतरी हाक मारली, फोन वाजत होते. तिची सुट्टी संपली होती आणि डबा तसाच राहिला होता.

गुरुवारी खाणमालकाने क्लबला कळवलं की, येत्या रविवारी तो पुन्हा उतरणार आहे आणि पाटी बसवणार आहे. मांडव नको, पडदा नको, आई येईल तेवढी. कराराबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. बरोबर कोण असावं, कोण नसावं, याबद्दलही काढलं नाही. अध्यक्षांनी याचा अर्थ लावण्यासाठी तीन जणांना फोन केले आणि तिघांनी तीन अर्थ सांगितले.

शनिवारी संध्याकाळी मास्तरांचा ऑपरेटरबाईला फोन आला. बैठकीनंतर ते पहिल्यांदाच बोलत होते. उद्या आठ वाजता तळ्यावर या, सूट आणि मास्क घेऊन या, एवढंच ते म्हणाले. पाण्यात उतरायचं आहे की काठावर थांबायचं आहे, हे त्यांनी सांगितलं नाही.